ऑर्किडला सोसेल तेवढी थंडी



डिसेंबर अर्धा उलटला की पुण्या-नाशिककडच्या रोपवाटिकांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘ऑर्किडची पानं पिवळी पडली, थंडी बाधली असेल का हो?’ विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये झाडाचा फोटो असतो. त्या फोटोत बघावं, तर कुंडीखालची बशी पाण्यानं काठोकाठ भरलेली. थंडी बाधलेली असतेच, पण तिला आत शिरायची वाट त्या पाण्यानं करून दिलेली असते. आज बोलायचं आहे ते या दोघांच्या संगनमताबद्दल.

ऑर्किड सांभाळण्याची जी पुस्तकं आपल्या हाती पडतात ती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली. तिथला हिवाळा म्हणजे बाहेर बर्फ, आत रात्रंदिवस हीटर, आणि सूर्य दिसला तर दिसला. आपला हिवाळा निराळा आहे. पुण्यात जानेवारीत पहाटे १० अंश आणि त्याच दिवशी दुपारी २९-३०, ही नेहमीची गोष्ट. एका दिवसात वीस अंशांची चढउतार, वर लख्ख ऊन, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. उत्तरेकडून थंडीची लाट उतरली की आकडे आणखी घसरतात. पुण्याला जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांची नोंद झालेली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे तिथले द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतात. मुंबई, कोकणपट्टी आणि गोव्याच्या श्रोत्यांनी मात्र निर्धास्त राहायला हरकत नाही. त्यांची रात्र समुद्र सांभाळतो. त्यांची अडचण उलटीच आहे, तिच्याकडे मी येतो.

उष्ण प्रदेशातल्या झाडाला मारायला बर्फ लागत नाही, दहा अंशसुद्धा पुरतात. हे कसं होतं? झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते स्निग्ध पदार्थांचं असतं. थंडी पडली की न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते, आपण ती उन्हात नेऊन ठेवतो. पेशीच्या आवरणाचंही जवळपास तसंच होतं. ते ताठरतं, आणि आतलं पाणी, क्षार बाहेर झिरपायला लागतात. डोंगराळ थंड प्रदेशातल्या झाडांच्या आवरणात न थिजणारी स्निग्ध द्रव्यं जास्त असतात, म्हणून त्यांना तोच गारठा सोसतो. गंमत अशी, की फॅलेनॉप्सिससारखं ऑर्किड त्या पहाटे काहीच दाखवत नाही. काही आठवड्यांनी पानाच्या वरच्या बाजूला खळगे पडतात, ते आधी पिवळे आणि मग तपकिरी होतात. तोवर थंडी सरलेली असते, आणि ठपका बसतो फेब्रुवारीतल्या उन्हावर, नाहीतर नव्या खतावर.

आता थोडं इतिहासात जाऊ, कारण झाडाला नको ते देऊन मारण्याचा जगातला सगळ्यात खर्चिक प्रयोग ऑर्किडवरच झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ऑर्किडचं वेड शिरलं. उमरावांनी जहाजं भरभरून झाडं मागवली. ती उष्ण देशांतून आली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मग सरसकट सगळ्यांना काचघरात कोंडलं, खालून भट्टीची धग दिली, दारं-खिडक्या बंद केल्या आणि सतत वाफ केली. जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडचा सर्वांत मोठा जाणकार. त्यानंही उष्णता, सावली आणि दमट हवा यांवरच भर दिला होता. झाडं हजारोंनी मेली. कारण त्यांतली कितीतरी अँडीज पर्वताच्या किंवा आपल्या खासी टेकड्यांच्या उंचीवरची होती. रात्री गार वारा अंगावर घेणारी ती झाडं वाफेत उकडून गेली.

चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याला यातली गोम कळली. ड्यूकनं जॉन गिब्सन नावाचा एक तरुण माळी १८३५ मध्ये हिंदुस्थानात धाडला होता. तो खासी टेकड्यांत हिंडून १८३७ मध्ये ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. झाड कुठल्या उंचीवरचं, तिथली हवा कशी, हे बघून पॅक्स्टननं वेगवेगळ्या तापमानाची घरं केली आणि झडपा उघडल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आराखडा पुढे याच पॅक्स्टननं काढला, पण माझ्या लेखी त्या झडपा जास्त मोठ्या.

आपल्या गॅलरीत हीच चूक उलट्या दिशेनं होते. सगळी ऑर्किडं एकाच स्टँडवर, सगळ्यांना एकच नियम. रोपवाटिकेत नावाची चिठ्ठी क्वचितच असते, तेव्हा चेहऱ्यावरून ओळखायला शिकावं लागतं. खोड जवळपास दिसतच नाही, जिभेसारखी रुंद, जाड पानं कुंडीत आडवी पसरलेली, आणि एका लांब दांड्यावर फुलपाखरांसारखी फुलं, तो फॅलेनॉप्सिस. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडचं हे झाड. याला रात्री १६-१८ अंश हवेत, आणि १५ च्या खाली गेलं की घरात घ्यावं. ना कुंडी ना माती, टोपलीतून हातभर मुळं खाली लोंबतायत, तो व्हँडा. तोही उबेतला. उसासारख्या उभ्या कांड्या, पानं चामड्यासारखी, आणि जांभळ्या फुलांचा तुरा शेंड्यावरून निघतो, ते थायलंडकडचं डेंड्रोबियम. हारतुऱ्यांत आणि लग्नाच्या स्टेजवर जी जांभळी ऑर्किडं दिसतात ती हीच. गारठ्यात हे पानं गाळतं. कॅटलिया यांपेक्षा थोडा काटक, रात्री १३-१४ अंशांपर्यंत तक्रार करत नाही.

आणि मग येतं डेंड्रोबियम नोबिल. याच्याही कांड्याच, पण फुलं शेंड्याला न येता कांडीच्या पेरापेरांवर दोन-दोन, तीन-तीन अशी येतात. हे हिमालयाच्या पायथ्याचं, सिक्कीमचं राज्यपुष्प. नाव डेंड्रोबियमच, पण स्वभाव थायलंडवाल्याच्या अगदी उलट. याला थंडी हवीच, रात्री १०-१२ अंश आणि जोडीला कोरडेपणा. ऑक्टोबर संपला की खत पूर्ण बंद करायचं, पाणी इतकं कमी की कांड्या जेमतेम सुरकुतू नयेत. लाड करून नियमित पाणी घालत राहिलात, तर जिथे फूल यायचं त्याच पेरावर झाड इवलंसं रोप काढतं. रोपं मिळतात, फुलं नाहीत. पुण्याच्या गॅलरीतली थंडी नोबिलला अगदी मानवते. लाटेच्या रात्री पारा सहा-सातच्या खाली जाणार असेल, तेवढ्यापुरतं त्याला भिंतीलगत सरकवलं की झालं. मुंबईकरांनी मात्र हे झाड घेऊन उगाच जीव लावू नये, असं माझं मत आहे.

मुंबईची उलटी अडचण म्हणालो, ती हीच. फॅलेनॉप्सिसलासुद्धा फुलाचा दांडा काढायला गारव्याचा इशारा लागतो. रात्र काही आठवडे अठरा-वीसवर राहिली, की दोन पानांच्या बेचक्यातून हिरवं बोटभर टोक बाहेर येतं. पुण्यात हा इशारा दिवाळीच्या सुमारास मिळतो. म्हणून तिथे झाड ऑक्टोबरमध्येच घाबरून आत घेऊ नका. पंधरा अंशांपर्यंत बाहेर राहू द्या, मग आत आणा. मुंबईत तीच वेळ डिसेंबर-जानेवारीत येते.

आता पाणी. ऑर्किडच्या मुळावर एक पांढरट, स्पंजासारखा थर असतो. ओला झाला की तो हिरवा दिसतो, सुकला की चंदेरी. पारदर्शक कुंडी असेल तर तुमच्याजवळ मीटरच आहे. चंदेरी दिसल्याशिवाय पाणी नाही. उन्हाळ्यात हे दोन-तीन दिवसांत होतं, थंडीत आठवडाही लागतो. गारठलेलं मूळ पाणी ओढायचं काम मंद करतं. कुंडीतलं पाणी तसंच राहतं, मुळाला हवा मिळत नाही, आणि काळी कुज करणाऱ्या बुरशीला आयतं घर मिळतं. विकतचा फॅलेनॉप्सिस बहुधा शेवाळात गच्च बसवलेला असतो. वरून शेवाळ कोरडं आणि आत गाभा चिंब, असा तो फसवा प्रकार. बोट आत घालून बघा. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे यांत झाड असेल तर धोका बराच कमी.

पाणी घालायचं ते ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी बर्फासारखं गार असतं, ते सरळ पानांवर मारलं तर डाग उठतात. बादली तासभर उन्हात ठेवावी. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कागदाच्या बोळ्यानं टिपून घ्या. रात्रभर तिथे पाणी साचलं की झाडाचा शेंडाच सडतो, आणि या झाडाला शेंडा एकच असतो. संध्याकाळी पाणी शिंपडायची सवय असेल, तर ती महाशिवरात्रीपर्यंत मोडा.

मग कोरड्या हवेचं काय, असं तुम्ही विचाराल. पसरट ताटात खडे भरा, खड्यांच्या खाली राहील एवढं पाणी घाला आणि कुंडी त्या खड्यांवर ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये. चार झाडं जवळजवळ ठेवली तरी थोडाफार फरक पडतो. व्हँडाला कुंडीच नसल्यामुळे त्याची मुळं रोज सकाळी भिजवावी लागतात, पण दुपारपर्यंत ती खडखडीत सुकली पाहिजेत.

झाड कुठे ठेवायचं, यात एक गोष्ट लक्षात येत नाही. निरभ्र रात्री पान आपली ऊब थेट आकाशाकडे सोडतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून उघड्या गच्चीवरचं झाड आणि डोक्यावर स्लॅब असलेल्या गॅलरीतलं झाड यांच्या रात्रीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. गच्चीवर पर्याय नसेल तर वर जुनी चादर ताणा, पण ती पानांना टेकू देऊ नका. दुपारभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत रात्री बराच वेळ ऊब देत राहते, तिच्या कुशीत झाडं ठेवा. घरात खिडकीच्या काचेला पान चिकटलेलं नसावं, पहाटे ती काच बाहेरइतकीच गार असते. पूर्वी काहीजण झाडांजवळ साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. एलईडी बल्ब लावून तशी ऊब मिळेल या आशेवर राहू नका. शंभर-दोनशे रुपयांत साधा थर्मामीटर मिळतो, तो कुंडीशेजारी टांगा. मोबाइलवरचं तापमान तुमच्या गॅलरीचं नसतं.

कळ्या पिवळ्या पडून गळतात तेव्हा आणखी एक आरोपी तपासून पाहा. सोसायटीच्या फाटकाशी रात्री शेकोटी पेटते, तिचा धूर वर येतो. धुरात इथिलीन वायू असतो, आणि ऑर्किडच्या कळ्या त्याला फार हळव्या. पिकत ठेवलेली केळीही तोच वायू सोडतात. तेव्हा घरात आणलेला फॅलेनॉप्सिस फळांच्या टोपलीशेजारी नको. रखवालदाराची शेकोटी मात्र विझवायला लावू नका, कुंडी दुसऱ्या बाजूला न्या.

आपल्या सह्याद्रीतली ऑर्किडं हा हिवाळा कशी काढतात, हेही बघण्यासारखं आहे. हाबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किडं पावसाळा संपला की वरचं सगळं अंग टाकून कंदरूपानं मातीत निजतात. झाडांवरची काही डेंड्रोबियम पानं गाळून नुसत्या कांड्यांवर राहतात आणि तशाच निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुलं काढतात. पाणी कुठलं आणि खत कुठलं! ती पाहायची तिथेच. जंगलातून ओरबाडून आणलेलं ऑर्किड कुंडीत सहसा जगत नाही, आणि रानातली झाडं गोळा करून विकणाऱ्याकडून घेतलं, तर आणखी दोन ओरबाडायला आपणच पैसे देतो.

शेवटी, ज्यांच्या झाडाला या वर्षी थंडी लागून गेलीच आहे त्यांच्यासाठी. डाग पडलेलं पान कापायची घाई करू नका. जितका भाग हिरवा आहे तितका तो झाडाला अन्न पुरवतो. डाग ओला असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल आणि रोज वाढत असेल, तरच निर्जंतुक केलेल्या ब्लेडनं निरोगी भागापर्यंत कापा आणि कापल्या जागी दालचिनीची पूड लावा. पूड मुळांवर पडू देऊ नका, ती मुळं सुकवते. सडलेली मुळं काढून झाड नव्या मिश्रणात लावायचं असेल, तर पहाटेचा पारा सलग आठवडाभर पंधराच्या वर राहीपर्यंत थांबा. पुण्यात ते साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस जमतं. नवं मूळ दिसू लागलं की खत पाव मात्रेनं सुरू करा, आणि बाहेर नेताना पहिले दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. थंडीतून वाचलेली पानं मार्चच्या उन्हात भाजल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत.