युरोपची वीज : स्वस्त की स्वाधीन?



१२ डिसेंबर २०२४ च्या सायंकाळी जर्मनीत वारा पडला होता. आकाश ढगांनी भरलेले, सूर्य चारच्या सुमारास मावळलेला. हजारो पवनचक्क्या जवळजवळ निश्चल उभ्या होत्या आणि छपरांवरील सौर पॅनेलचा काही उपयोग नव्हता. घाऊक बाजारात पाच ते सहा या एका तासासाठी विजेचा भाव प्रति मेगावॅट-तास ९३६ युरोवर गेला. त्या वर्षीच्या सरासरीच्या अकरापटीहूनही अधिक. या स्थितीला जर्मन भाषेत 'डुंकेलफ्लाउटे' असा शब्दच आहे. अंधार आणि निर्वात अवस्था एकत्र येणे, असा त्याचा अर्थ.

भविष्यात वीज कशापासून निर्माण करावयाची, हा वाद युरोपात गेली पन्नास वर्षे चालू आहे. बहुतेक वेळा त्यात एकच मोजपट्टी लावली जाते : प्रकल्पाच्या दाराशी एका युनिटला किती खर्च येतो? या पट्टीने नवे सौर व जमिनीवरील पवनप्रकल्प स्वस्त ठरतात, हे मान्य केलेच पाहिजे. दुसरी पट्टी प्रदूषणाची. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०१४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, खाणीपासून प्रकल्प मोडीत निघेपर्यंतचा हिशेब केला, तर कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कर्बवायू बाहेर पडतो, नैसर्गिक वायूच्या युनिटमागे ४९० ग्रॅम, तर पवन व अणुऊर्जेच्या युनिटमागे अवघा ११-१२ ग्रॅम. परंतु राष्ट्र चालवणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. हवी तेव्हा वीज मिळेल काय? आणि तिची किल्ली कोणाच्या हाती राहील?

दुसऱ्या प्रश्नाची उपेक्षा जर्मनीला फार महागात पडली. २०२१ मध्ये त्या देशाच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियातून येत होता. नळाने येणारा वायू स्वस्त होता, कारखाने त्यावर पोसले गेले, आणि व्यापार असला की वैर राहत नाही, अशी समजूत राज्यकर्त्यांनी करून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ऑगस्टमध्ये युरोपीय बाजारात वायूचा भाव प्रति मेगावॅट-तास ३०० युरोच्या पलीकडे गेला; काही वर्षांपूर्वी तो विसाच्या आसपास असे. सप्टेंबरात समुद्रतळावरील नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटात फुटल्या. खते व रसायनांच्या कारखान्यांनी उत्पादन घटवले, सामान्य कुटुंबांची बिले वाढली.

आणि इतके होऊनही १५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीने आपल्या उरलेल्या तीनही अणुभट्ट्या बंद केल्या. याचे मूळ २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेत आहे. चॅन्सेलर अँजेला मर्केल स्वतः पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक. त्यांच्याच शासनाने २०१० मध्ये अणुभट्ट्यांची मुदत वाढवली होती आणि पुढल्याच वर्षी तो निर्णय फिरवला. त्या काही महिन्यांत भौतिकशास्त्राचे नियम बदलले नव्हते, बदलले होते ते लोकमत. अर्थात जर्मनीने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथील विजेच्या वापरापैकी निम्म्याहून अधिक वाटा आज अपारंपरिक स्रोतांचा आहे. २०२४ मध्ये तर संपूर्ण युरोपीय संघात सूर्यापासून मिळालेली वीज कोळशाच्या विजेहून अधिक भरली.

फ्रान्सचा मार्ग वेगळा होता. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या त्या देशाजवळ ना तेल होते, ना पुरेसा कोळसा. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुविद्युत् कार्यक्रम जाहीर केला आणि सरकारे बदलली तरी तो चालू राहिला. आज फ्रान्सची सुमारे ६५ ते ७० टक्के वीज अणुभट्ट्यांतून येते. २०२४ मध्ये त्याने शेजाऱ्यांना विक्रमी ८९ अब्ज युनिट वीज विकली.

तथापि फ्रान्सचे कौतुक डोळे मिटून करता येत नाही. २०२२ मध्ये नळ्यांना तडे आढळल्यामुळे आणि लांबलेल्या दुरुस्त्यांमुळे निम्म्या भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या, आणि चार दशकांनंतर प्रथमच त्या देशाला वर्षाकाठी निर्यातीहून अधिक वीज आयात करावी लागली. नॉर्मंडीतील फ्लामाव्हिलची नवी भट्टी २००७ मध्ये हाती घेतली, ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. अनेक वर्षे नवे बांधकाम थांबले की कुशल हातही नाहीसे होतात. पुन्हा, फ्रान्सच्या भूमीत आज युरेनियमची एकही खाण चालू नाही. ते कझाकस्तान, कॅनडा अशा देशांतून येते. मात्र एक भेद मोठा आहे. युरेनियमचा साठा काही वर्षे पुरेल इतका करून ठेवता येतो. वायूची नळी बंद झाली की प्रश्न काही महिन्यांचा असतो.

सूर्य आणि वारा यांवर तर कोणाचीच मालकी नाही, असे वाटेल. परंतु सौर पॅनेल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. आणि वारा नसला की शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो. डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे, ती टिकते ती नॉर्वेच्या धरणांच्या आधाराने. त्या डिसेंबरात जर्मनीच्या टंचाईने दक्षिण नॉर्वेतील भावही भडकले. डेन्मार्ककडे जाणाऱ्या जुन्या तारा मुदत संपल्यावर बदलूच नयेत, अशी मागणी तेथील राजकारणात जोर धरू लागली. स्वीडनच्या ऊर्जामंत्री एबा बुश यांनी जर्मनीच्या अणुभट्ट्याबंदीलाच उघड दोष दिला.

हे वर्म ओळखले ते एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया या चिमुकल्या राष्ट्रांनी. सोव्हिएत जोखडातून मुक्त होऊन तीन दशके लोटली, तरी त्यांच्या विजेची लय मॉस्कोच्या नियंत्रणकक्षातून ठरत होती. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी त्या तारा तोडल्या आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याशी सूर जुळवला. या कामाला वर्षांची तयारी आणि अब्जावधी युरो लागले. स्वस्ताईच्या पट्टीने हा खर्च कधीच समर्थनीय ठरला नसता.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या भट्ट्यांना इंधन देण्याचा अमेरिकेचा करार होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तिने हात आखडता घेतला. १९८० च्या दशकात ते इंधन फ्रान्सने पुरवले. त्याच फ्रान्सच्या तंत्रज्ञानाने रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या उभारावयाची योजना आहे; त्यांपैकी पहिल्या दोन भट्ट्यांचा करार २०१० मध्ये झाला. त्या भट्ट्या फ्लामाव्हिलच्याच जातीच्या आहेत. बांधकाम अद्याप सुरू झालेले नाही. दर काय असावा आणि अपघाताची भरपाई कोणी द्यावी, यांवर बोलणी चालत आली आहेत.