पिशवी गेली, कागद कुठे आहे?

(अंबाजोगाई येथे उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त सरकारी डॉक्टरबाईंनी दिलेलं व्याख्यान)

पंख्याखालच्या जागा पटकावून बसलेल्या मैत्रिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘रजोनिवृत्तीतील स्नायूदुखी व थकवा : कारणे आणि उपाय’. एवढं वाचूनच निम्म्या जणींचे खांदे भरून आले असतील. (हशा) माझ्यासमोर येणारी बाई असं कधी बोलली नाही. ती म्हणते, अंग ठणकतंय. पिंढऱ्या वळतात. झोपून उठलं तरी उठल्यासारखं वाटत नाही. रात्री अंगातून वाफा निघतात. मागे दाराजवळ पुरुष मंडळी उभी आहेत, त्यांनीही आत यावं. घरात ही वाक्यं तुम्हीच ऐकता आणि ‘आता वय झालं’ म्हणून पेपर वर धरता.

पाळी जाणं म्हणजे काय, हे शाळेपासून तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात असू द्या की इस्ट्रोजेन हे संप्रेरक फक्त गर्भाशयाचं काम करत नाही. स्नायू, स्नायूबंध, सांधे, हाडं, सगळ्यांना ते लागतं. ते ओसरलं की स्नायू भरून यायला वेळ लागतो, सांध्यांना सूज पटकन येते, हाडं विरळ होऊ लागतात. त्यात वाफांनी झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाला दुखणं जास्त दुखतं. 2024 साली एका अमेरिकी अस्थितज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या दुखण्यांना मिळून एक नाव दिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या काळात 70 टक्क्यांहून अधिक बायकांना हा त्रास होतो. म्हणजे बाई नाटक करत नव्हती, हे शास्त्राला 2024 मध्ये कळलं. (हशा, टाळ्या)

आता माझं म्हणणं. गेली कित्येक वर्षं मी एकच तुणतुणं वाजवते आहे, आमच्या घरातले लोकही कंटाळलेत. दुखणारी बाई समोर आली की औषधाआधी तीन प्रश्न विचारा. पाळी कधी गेली? आपोआप गेली की गर्भाशयाची पिशवी काढली? पिशवी काढली असेल, तर अंडाशय ठेवले की तेही काढले? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळतं. तिसऱ्याला या जिल्ह्यात उत्तर मिळत नाही, कारण ते ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागदच बाईजवळ नसतो.

2019 साली आपला जिल्हा देशभरच्या बातम्यांत का आला होता, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. विधिमंडळात आकडा सांगितला गेला : तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढली. मग नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82,309 बायकांमध्ये 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहांत एक. पुढे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू करायला सांगितल्या. सगळी चर्चा ऑपरेशन व्हायला हवं होतं की नव्हतं, याची झाली. व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशन झालेल्या बायकांचं पुढं काय?

(पुढच्या रांगेतून एक डॉक्टर : ‘‘मॅडम, सगळेच डॉक्टर तसे नसतात.’’) नसतात हो. ज्या गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मी असं म्हणून घरी कशी जाईन? (हशा) शिवाय काही जणींना त्या ऑपरेशनची खरोखर गरज होती. मी आज कोणावर खटला भरायला उभी नाही. मी कागद मागते आहे.

एक उदाहरण देते, पाच मिनिटांत संपवते. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळ्या गावी आल्या होत्या. धारूरकडची एक बाई, वय असेल चाळिशीच्या अलीकडे, नवऱ्याबरोबर आली. ‘‘बाई, अंगात काईच राहिलं न्हाई. कंबर धरती, खांदा वर जात न्हाई, हात आखडल्यात. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती.’’ पाळी? ‘‘पिशवी काढली की, लई वरसं झाली.’’ का काढली? अंगावरून पांढरं जात होतं, कोणीतरी म्हणालं कॅन्सर होईल. पैसे कुठून आणले? उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या मजुरीतून. कागद आहे? ‘‘हाय ना, सगळे कागद हायती,’’ म्हणत नवऱ्याने खतांच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली.

काय नव्हतं त्या पिशवीत! दोघांची आधार कार्डं, मतदान कार्डं, रेशनकार्ड, मुलाचा शाळेचा दाखला, वीजबिल, बैलाच्या विम्याचा कागद. वहीच्या एका पानावर मुकादमाच्या उचलीचा तीन हंगामांचा हिशेब. कोणत्या तारखेला किती घेतले, किती फिटले, किती खाडे पडले, खाड्याचे किती कापले. एक गोळीही विसरलेली नाही, ती बाजारातून कितीला आणली तेही त्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्याचा पैसा न् पैसा लिहिलेला. फक्त बाईच्या पोटातून काय काढलं, ते कुठे लिहिलेलं नाही.

मी आमच्या आशाताईंना बरोबर दिलं, म्हटलं जाऊन त्या दवाखान्यातून कागद आणा. संध्याकाळी परत आल्या. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. (हशा) हसू नका, मीही तेव्हा हसले नव्हते. मग आम्ही वाकड्या वाटेने गेलो. सोनोग्राफीत अंडाशय दिसले नाहीत, पण आक्रसलेले अंडाशय तसेही सहज दिसत नाहीत. रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक तपासलं, ते चढलेलं. म्हणजे अंडाशय काढले तरी असावेत, नाहीतर बंद तरी पडलेले. एका ओळीत लिहिलेली गोष्ट शोधायला त्या बाईच्या तीन मजुऱ्या गेल्या.

तुम्ही म्हणाल, कळून फरक काय पडतो? इथेच तर सगळा फरक आहे. फक्त पिशवी गेली आणि अंडाशय राहिले, तर संप्रेरकं चालूच राहतात. पण पाळी येत नसल्याने खरी रजोनिवृत्ती कधी आली, हे तिला कळायला खूणच उरत नाही. ती आधीच बंद झालेल्या पाळीवर निर्धास्त, आणि काही वर्षांनी दुखणी गुपचूप घरात शिरतात. उलट दोन्ही अंडाशय काढले, तर निसर्ग जे आपल्याकडे सरासरी 46-47व्या वर्षाच्या आसपास हळूहळू करतो, ते तिशीत एका रात्रीत होतं. अशा तरुण बाईला, स्तनाचा कर्करोग वगैरे अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकं बाहेरून देण्याचा विचार करायलाच हवा. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या गोळ्यांची धास्ती बसली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. आमची बाई पस्तिशीची. आणि पिशवीच नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं, पिशवी असेल तर जोडीला दुसरं संप्रेरक लागतं. म्हणजे कागदाशिवाय गोळी ठरत नाही.

(चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’. अध्यक्षमहाराज, उपाय अजून सुरूच झाले नाहीत!)

भरभर सांगते. अंग दुखतं म्हणून सगळं पाळीवर ढकलू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्या बाईचंही कमी होतं, आणि खरं सांगायचं तर लोहाच्या गोळ्यांनीच तिला आधी उठून बसवलं.

ताकदीची सलाईन लावून घेऊ नका. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे आणि भाकरीला सुई टोचावी लागत नाही. (हशा) बिननावाच्या पुडीतल्या गोळ्या तर नकोच. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटतं आणि आधीच विरळ झालेलं हाड आणखी पोखरतं. खाताना शरीराच्या किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. भाकरीबरोबर तुरीचं वरण, मटकी, हुलगा, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडं. आमटीचं नुसतं पाणी वाढून घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तळाचं वाढून घ्या.

आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याची भरलेली बाटली घेऊन हात वर. दुखतं म्हणून पडून राहणाऱ्या बाईचं दुखणं कमी होत नाही.

(सभागृहातून एक तरुणी : ‘‘मग ऊसतोड बायका तर रोज तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांचं अंग का दुखतं?’’)

बाळ, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत येणार हेही. स्नायू वजन उचलताना वाढत नाही, उचलल्यानंतर खाऊन झोपल्यावर वाढतो. व्यायामात विश्रांतीचा दिवस असतो. फडात विश्रांतीचा दिवस म्हणजे खाडा. पहाटे अंधारात उठायचं, कोपीत भाकरी थापायची, फडात जायचं, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्यांना मी व्यायाम सांगत नाही, मी त्यांना दोन रात्रींची झोप सांगते, आणि ती माझ्या चिठ्ठीवर कोणी देत नाही. ती धारूरची बाई गोळ्यांनी झोपायला लागली, खांदा बराच सुटला, आणि दसऱ्यानंतर पुन्हा कारखान्यावर गेली. उचल घेतलेली होती.

वेळ संपली म्हणतात. मग कागदाचं बोलून घेते, कारण त्यासाठीच आले होते. दासोपंतांनी सोळाव्या शतकात कापडावर लिहिलेली पासोडी या गावाने चारशे वर्षं सांभाळली. आपल्याला एक डिस्चार्ज कार्ड चार वर्षं सांभाळता येत नाही? घरी गेल्यावर आई, सासू, जाऊ, कोणाची पिशवी काढली असेल तर कार्ड शोधा. त्यावर इंग्रजीत ‘बीएसओ’ ही अक्षरं दिसली, तर दोन्ही अंडाशय काढले आहेत. बीएसएनएल नव्हे, बीएसओ. (हशा) जोडीला काढलेल्या पिशवीचा प्रयोगशाळेचा अहवाल असायला हवा. दोन्हींचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, आणि आशाताईंच्या मोबाइलमध्येही.

(प्रश्न : ‘‘दवाखान्याने दिलंच नाही तर?’’) भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं, आणि मागितल्यावर 72 तासांत देणं, हे मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांत डॉक्टरांवर बंधनकारक केलेलं आहे. तीनच वर्षं, म्हणून उशीर करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, नाव, ऑपरेशनची तारीख, सही किंवा अंगठा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जाचा नमुना मी पंचवीस प्रती काढून आणलाय, चहाच्या टेबलाशी ठेवला आहे. डॉक्टरसाहेब, तुम्हीही एक घेऊन जा. (हशा)