घर अमरावतीस, नोकरी रिद्धपुरास

२०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपुरास स्थापन झालें. तेथें नव्यानें नोकरीस लागलेल्या, परंतु मुलांच्या शाळेसाठीं बिऱ्हाड अमरावतीसच ठेवणाऱ्या गृहस्थानें रोजचा प्रवास कसा निभवावा?

सकाळीं शहरांतील चौक ओलांडतांनाच मन कातावतें. पुढें हंगामांत कापसाच्या गाड्या व संत्र्यांच्या मालमोटारी वाट अडवितात. चिडून वेग वाढविल्यास चार मिनिटें वांचतात, जीव मात्र धोक्यांत पडतो. त्यापेक्षां अर्धा तास आधीं निघावें. चौघांनीं मिळून एकच मोटार पाळीपाळीनें हांकावी. खर्च वांटला जातो, आणि तिघांस विसांवा मिळतो.

आठवड्यांतून एक रात्र रिद्धपुरासच मुक्काम करावा. जाण्यायेण्याची एक फेरी टळते; साचलेलें काम त्याच रात्रीं उरकलें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं मुलें जागीं असतांना बाप घरीं पोंचतो. शिवाय गांवाची ओळख होते. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं माणसांमाणसांकडून आठवणी गोळा करून याच गांवीं लीळाचरित्र सिद्ध केलें. भाषेच्या सेवकास गांव मोटारीच्या कांचेंतून कळत नाहीं. त्यासाठीं कुणाच्या तरी ओट्यावर बसावेंच लागतें.