ताण जातो कुठे?



मोठा भूकंप झाला की आपण सहज लिहून जातो, ‘जमिनीत साचलेला ताण मोकळा झाला.’ वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि ते वाचून शेजारच्या गावचा माणूस निर्धास्त झाला, तर हे अपुरेपण जिवावर बेतू शकते. तुर्कस्तानच्या उदाहरणाने हे सांगतो.

त्या देशाच्या उत्तर भागातून पूर्व-पश्चिम जाणारा उत्तर अनातोलिया भ्रंश हजार किलोमीटरहून लांब आहे. त्याच्या उत्तरेस युरेशियाचा भूपट्ट, दक्षिणेस अनातोलियाचा. अनातोलिया वर्षाला सुमारे २० ते २५ मिलिमीटर पश्चिमेकडे सरकतो. ‘भ्रंश’ म्हटले की आपल्याला खाली घसरणे आठवते. इथे मात्र दोन कडा एकमेकींना घासत आडव्या सरकू पाहतात. घर्षणाने त्या अडकून राहतात, मागची जमीन चालतच राहते. त्या ओढीने खडक वाकत जातात. घर्षण हरले की कित्येक वर्षांचे साचलेले सरकणे काही क्षणांत उरकते. तोच भूकंप.

२७ डिसेंबर १९३९ रोजी एर्झिंजानजवळ हा भ्रंश फाटला. ३० हजारांहून अधिक माणसे दगावली. मग १९४२, १९४३ आणि १९४४ साली मोठे भूकंप झाले, प्रत्येक आधीच्याच्या पश्चिमेस. जुनी शिवण उसवते तशी ही गोष्ट आहे. एक टाका तुटला की ओढ संपत नाही, ती पुढच्या टाक्यावर येते. फाटलेल्या भागातला ताण उतरतो. त्याच्या टोकांपाशी तो चढतो.

रॉस स्टाइन, आयकुत बार्का आणि जेम्स डिटरिच यांनी १९९७ साली या चढउताराचा हिशेब मांडला आणि इझमितजवळ ताण वाढल्याचे दाखवले. दिवस सांगणे शक्य नव्हते. १७ ऑगस्ट १९९९ रोजी इझमितला भूकंप झाला. १७ हजारांहून अधिक लोक गेले. १२ नोव्हेंबरला त्याच्या पूर्वेचे दुझ्जे हादरले.

आता नजर इस्तंबूलवर आहे. शहराच्या दक्षिणेस मार्मारा समुद्राच्या तळाशी हाच भ्रंश आहे. पश्चिमेचा भाग १९१२ साली फाटला, पूर्वेचा १९९९ साली. मधल्या भागातला शेवटचा मोठा भूकंप १७६६ सालचा. २३ एप्रिल २०२५ रोजी तिथे ६.२ क्षमतेचा धक्का बसला. पण क्षमतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्यामुळे ६.२ च्या धक्क्याने सात-साडेसातच्या भूकंपाचे देणे फिटत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. बातमी लिहिताना, धडा शिकवताना ‘ताण मोकळा झाला’ इथे पूर्णविराम देऊ नका. ‘इथला उतरला, शेजारी किती चढला?’ हे पुढचे वाक्यही लिहा. घरे मजबूत करायला उरलेला वेळ त्या शेजाऱ्याच्याच हातात असतो.