आपण कोणाच्या बाजूचे?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. फायलींवर शेरे मारण्यापलीकडे आमची लेखणी फारशी गेलेली नाही. तेव्हा व्याख्यान न देता एका सायंकाळची हकीकत तेवढी सांगतो.

२०१४ सालचा नोव्हेंबर महिना. या शहराचे नाव सरकारदरबारी 'बेंगळूरु' होऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता. विजय अमृतराज यांनी सुरू केलेल्या चॅम्पियन्स टेनिस लीगचे सामने कब्बन पार्कात, कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या मैदानावर होते. सहा शहरांचे सहा संघ. प्रत्येकात चालू काळातील खेळाडूंबरोबर एक निवृत्त नामवंत. क्रमवारीचे गुण पणाला नव्हते, निवृत्तांची लढतही एकाच सेटची. परंतु प्रत्येक गेम संघाच्या बेरजेत धरला जाई; त्यामुळे वयाची सबब कोणास सांगता येत नव्हती.

लढत होती बंगलोर रॅप्टर्स आणि पुणे मराठाज यांची! पुण्याकडून पॅट कॅश, वय ४९; बंगलोरकडून १९९९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा उपविजेता थॉमस एन्क्विस्ट, वय ४०. १९८७ साली लेंडलला नमवून विंबल्डन जिंकल्यावर कॅश प्रेक्षकांतून वाट काढीत, वर चढून आपल्या माणसांना भेटावयास गेला, ते दृश्य आम्ही पुण्यात शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर पाहिले होते. त्याच वर्षी अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या भारतीय संघाने सिडनीत ऑस्ट्रेलियाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. आम्ही तेव्हा वीस वर्षांचे होतो.

साहजिकच आम्ही पुण्यासाठी टाळ्या वाजवू लागलो. शेजारी आमची कन्या, इयत्ता सहावी, जन्म याच शहरातला, बंगलोरच्या नावाने ओरडत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "बाबा, आपण इथलेच ना? मग तुम्ही त्यांच्या बाजूचे कसे?"

आम्हांस उत्तर सुचेना. पुण्यात आम्हांला 'बंगलोरवाले' म्हणतात, येथे 'पुण्याचे'. हे आम्ही हसण्यावारी नेत आलो होतो. मुलीच्या तोंडून तोच प्रश्न आला तेव्हा मात्र तो बोचला.

समोर कॅशचे पाऊल क्वचित उशिरा पडे. पण रॅकेट नेमक्या जागी असे. एन्क्विस्टच्या फटक्यांतला जोर अजून ओसरला नव्हता. एका दीर्घ देवघेवीनंतर सारे प्रेक्षागृह उभे राहिले. गुण कोणाला मिळाला हे आज आठवत नाही. आम्ही दोघेही टाळ्या वाजवीत होतो, एवढे पक्के आठवते.

त्या वर्षीचे विजेतेपद पुढे पुण्याने पटकावले. कन्येने त्याबद्दल आम्हांस अद्याप क्षमा केलेली नाही.

आता आमच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली. पुण्याचे आप्त विचारतात, "परत केव्हा येणार?" कन्या नोकरीस याच शहरात आहे. परवा तिने जुना प्रश्न नव्या शब्दांत विचारला, "बाबा, तुम्ही राहणार ना?" या वेळी आम्ही निरुत्तर झालो नाही. "राहू," म्हणालो, "मात्र पुण्याचा संघ आला तर टाळ्या त्यांनाच."

"चालेल," ती म्हणाली.