वारी आणि बायकांचे चार दिवस
(शताब्दी सप्ताहात केलेल्या निरूपणाचा मजकूर)

दिंडीच्या शंभर वर्षांच्या आठवणी सांगणारी आमच्याहून वडील माणसं इथं बसली आहेत. आम्ही आज दुसराच विषय घेतो. पुढं बसलेल्या काही म्हाताऱ्या माना खाली घालतील. घाला, पण उठून जाऊ नका.

आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवसांची चाल. बाईला पाळी येते साधारण अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे हिशेब करा, पाळी येणाऱ्या तीन बायांमागं दोघींना ती वाटेतच येणार. आपल्या दिंडीनं हा हिशेब कधी केला नाही. नियम मात्र केला. कावळा शिवला की बाईनं तुळस खाली ठेवायची, दिंडीच्या मागं चालायचं, पंगतीत बसायचं नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी लोणंदच्या तळावर हा नियम आम्हीच चालवला. सांगली भागातली एक बाई, डोक्यावर तुळशीवृंदावन. लुगड्याला डाग दिसला, कुणीतरी आमच्या कानात सांगितलं, आणि आम्ही तिला मागं घालवलं. रात्री पाऊस लागला. ती ट्रकखाली झोपली. भाकरी तिला लांबून दिली. आम्ही त्या रात्री कीर्तनात चोखोबांचं आख्यान लावलं होतं. आता सांगताना लाज वाटते.

पुढच्या वर्षी ती बाई पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेऊन आली. कुणाला विचारलं नाही, शेजारणीनं दिल्या. वारी पार पडली, आणि घरी गेल्यावर जे रक्त जायला लागलं ते तीन आठवडे थांबेना. सलाईन लागलं, रक्त चढवावं लागलं. तिच्या मालकानं आम्हाला एवढंच विचारलं, “महाराज, इठ्ठलानं मागितलं व्हतं का ह्ये?”

आमचं शिक्षण चौथी. म्हणून वाटेवरच्या दवाखान्याच्या गाडीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पेरणीसाठी तुम्ही रान तयार करता ना, तसं गर्भपिशवीत दर महिन्याला अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते गळून जातं. गर्भ राहिला की त्याच अस्तरात तो रुजतो. ह्यात घाण कसली? गोळ्या तपासल्याशिवाय घेऊ नयेत, रक्ताची गाठ होण्याचा त्रास असेल तर मुळीच नाही, हेही त्यांनी बजावलं. आणि फडकं वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. लाजेनं पदराआड ओलं ठेवलेलं फडकं खाज, चट्टे, आजार आणतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात पाळी जास्त जात असेल तर विटाळ म्हणून गप्प बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आमची आई चार दिवस गोठ्यात बसायची. चुलीला विटाळ, देवाला विटाळ, पण भांगलणीला विटाळ नव्हता. त्या चार दिवसांत ती रानात जास्तच राबली असेल. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातली भाजी शोधायची. कहाणी तुम्हाला ठाऊक आहे, विटाळ कालवला म्हणून बाई कुत्री झाली आणि नवरा बैल. आम्ही जन्मभर बैल हाकले. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. गडचिरोलीत बाई गावाबाहेर कुर्माघरात राहते. नेपाळात छौपदी म्हणतात. तिथल्या झोपड्यांत बाया साप चावून, धुरानं गुदमरून मेल्या. शेवटी २०१७ साली त्यांच्या सरकारनं कायदा केला, बाईला असं बाहेर बसवणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड. आणि उलटंही बघा. आसामात कामाख्या देवीलाच पाळी येते असं मानतात, आषाढाच्या सुमाराला तीन दिवस देऊळ बंद, मग यात्रा भरते. ओडिशात त्याच सुमाराला धरणीमातेला पाळी येते म्हणून नांगर धरत नाहीत, पोरी झोके घेतात.

आपल्या कृष्णाकाठच्या उसाला मराठवाड्यातून टोळ्या येतात. पाळीच्या दिवशी बाई बसली की खाडा, खाड्याचा दंड कोयत्याच्या उचलीतून कापायचा. ह्या जाचापायी बीडकडच्या कितीतरी बायांनी तरुणपणीच गर्भपिशव्या काढून घेतल्या. २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो ऊस आमच्याही रानातला होता, मंडळी.

सोयराबाई चोखोबांची मंडळी. देह विटाळातूनच घडतो, मग शुद्ध देह कुणाचा, असा तिच्या अभंगाचा रोख आहे. साडेसहाशे-सातशे वर्षं झाली. आम्ही ते अभंग चालीवर म्हटले आणि बाईला ट्रकखाली झोपवलं.

वीणा कुणी घ्यायची ह्यावर मंडळींचं अजून एकमत नाही, आमच्याही मनाची तयारी पुरती झालेली नाही, खोटं कशाला बोला. पण तुळस, पंगत आणि राहुटी ह्यावर यंदा बैठकीत ठरलं आहे. कुणालाही मागं घालवायचं नाही. बायकांच्या राहुटीला लागून ताडपत्रीची न्हाणी, पाण्याचं वेगळं पिंप, दोरीवर वाळवायला आडोसा, आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून टाकायला झाकणाचा डबा. तो डबा रोज सकाळी पुरुषांनी न्यायचा. पहिली पाळी आमची लावली आहे.

रामकृष्ण हरी.