काकांना फोल्डर उघडेना

मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, तो ऐकू येईल. त्याला इलाज नाही, कोल्हापुरात बसून रेकॉर्ड करतोय. आजचा विषय एकदम घरगुती आहे. घरच्या वायफायवर एक डिस्क सगळ्यांनी मिळून वापरायची, आणि नेमकी एकाच माणसाला ती उघडत नाही. मी बी.टेक. झालोय, पाच-सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, आणि तरी ह्या प्रकारानं माझा अख्खा रविवार खाल्ला.

आधी घरची गोष्ट सांगतो, नाहीतर एवढा जीव का लावला ते कळायचं नाही.

शाहूपुरीत कुंभार गल्लीत आमचा गणपतीचा कारखाना. बाबा आणि काका, दोघं भाऊ. चुली वेगळ्या झाल्या, कारखाना मात्र एकच राहिला. काका साचे आणि माती बघतात, बाबा रंग आणि हिशेब. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे विचार करा. चतुर्थी २ सप्टेंबरला होती, मूर्ती रंगाला आलेल्या. शाडूला पाणी लागल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. त्यातच खालच्या खोलीतला कॉम्प्युटर गेला आणि बारा वर्षांच्या मूर्तींचे फोटो गेले. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते "चार वर्षांपूर्वी होती तशीच बैठक पायजे" म्हणून येतं. फोटो नसला की तोंडी वर्णनावर मूर्ती करायची, आणि मग न्यायला आल्यावर "अशी नव्हती" ऐकायचं.

पूर ओसरल्यावर मी जुना डेस्कटॉप माडीवर चढवला, उबुंटू टाकलं, २ टीबीची डिस्क जोडली आणि सांबानं ती घरात शेअर केली. सांबा म्हणजे विंडोजवाल्या मशीनशी त्यांच्याच भाषेत बोलणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. त्या भाषेचं नाव एसएमबी. अँड्र्यू ट्रिजेल ह्या ऑस्ट्रेलियन माणसानं एस, एम, बी ही अक्षरं ओळीनं येणारे शब्द डिक्शनरीत शोधले, त्यातून हे नाव निघालं. नाचाशी संबंध नाही. तर पासवर्डची कटकट नको म्हणून मी 'गेस्ट' चालू ठेवलं. घरातलं कुणीही या, उघडा, फोटो टाका. काही वर्षं मस्त चाललं.

मग २०२५चा जून. काकांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो आहे, त्यानं २४एच२ अपडेट घेतला. दुसऱ्या दिवशी फोल्डरवर क्लिक केलं तर इंग्रजीत लांबलचक मेसेज. मराठीत सांगायचं तर, 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळं तुम्हाला हा फोल्डर उघडता येणार नाही.' काकांनी तो पोराकडून वाचून घेतला आणि गप्प बसले. दोन दिवस माडीवर आलेच नाहीत. मे महिन्यात हिशेबावरून दोघा भावांची थोडी वाजली होती, त्यामुळं त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. तिसऱ्या दिवशी चहाला आले आणि बाबांना म्हणाले, "कुलूप घातलंस व्हय रं मला? आणि ही संस्था कुठली? तू का?"

बाबांना काय बोलतायत तेच कळेना. मला मात्र घाम फुटला.

खरी भानगड अशी होती. गेस्ट म्हणजे ज्याची ओळख पटवलेली नाही असा माणूस. ओळखच नाही म्हटल्यावर समोरचं मशीन खरंच आपल्या माडीवरचं आहे की कुणी तोतया बसलाय, हे तपासायला दोघांकडं सामायिक गुपित नसतं. म्हणून विंडोज ११ प्रो २४एच२पासून पाठवलेल्या मजकुरावर सही लागते, आणि गेस्टला सही करता येत नाही. 'संस्था' वगैरे शब्द ऑफिससाठी लिहिलेले, ते आमच्या घरात येऊन पडले.

नेटवर ह्याचा उपाय दोन मिनिटांत सापडतो: सेटिंगमध्ये जा, गेस्ट परत चालू करा. मी हात लावला होता, मग थांबलो. मे २०१७मधला वॉनाक्राय आठवतोय? जुन्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून तो मशीनमागून मशीन पसरत गेला. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता. काकांचा पोरगा कुठली कुठली गेम उतरवतो ते मला माहितीये. उद्या त्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं आणि डिस्क सगळ्यांना सताड उघडी असली, तर पुरातून वाचलेलं तेवढंही जाईल.

मग रविवारी बसलो. तुमच्याकडं असं झालं तर आधी मेसेजचा सूर ओळखा. मशीन 'सापडतच नाही' म्हणत असेल तर पासवर्डला हात लावू नका, रस्ता तुटलाय. काकांच्या पोराचा फोन असाच अडला होता, कारण तो राऊटरच्या गेस्ट वायफायवर होता आणि तिथून घरातली बाकीची मशीन बहुतेक राऊटर दिसू देत नाहीत. वायफाय बदललं, झालं. मशीनचं नाव चालत नसेल तर आयपी टाकून बघा. पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारत असेल तर प्रश्न ओळखीचा आहे. आणि आत जाऊन 'परवानगी नाही' म्हणत असेल, तर ओळख पटलीये, हक्क नाहीये.

मी काकांच्या नावानं युजर काढला. पासवर्ड घेईना. पहिलं कारण, काका लॅपटॉपचा चार आकडी पिन टाकत होते. तो पिन त्या लॅपटॉपपुरता असतो, माडीवरच्या मशीनला त्याचं काही देणंघेणं नाही. दुसरी चूक माझी: उबुंटूवर युजर काढला म्हणजे सांबाला कळत नाही, सांबाची पासवर्डची वही वेगळी असते, तिथंही नाव घालावं लागतं. हे मला माहीत होतं हो! तरी अर्धा तास गेला.

मग मी शहाणपणा केला. "थांबा काका, माझ्या नावानं बघतो," म्हणून माझा युजर टाकला, उघडलं. परत काकांचा टाकला तर विंडोज म्हणतंय, एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येणार नाही. जुनं कनेक्शन तोडावं लागतं: कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज'नं यादी बघायची, तिथूनच काढायचं. आणि मी 'पासवर्ड लक्षात ठेव'वर टिक केली असती, तर काका कायम माझ्या नावानं वावरले असते आणि मी खुशीत राहिलो असतो.

आत गेले, तरी 'परवानगी नाही'. फोल्डरचे हक्क बरोबर, ग्रुप बरोबर. इथं मी खरंच अडकलो. शेवटी कळलं की उबुंटूनं डिस्क 'मीडिया'खाली माझ्या नावाच्या फोल्डरात जोडली होती, आणि त्या वरच्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला पाऊल टाकता येत नाही. खोली उघडी, सोप्याचं दार बंद. मग आधी गेस्टला कसं चालायचं? कारण सांबाला मीच सांगून ठेवलेलं, येईल त्याला माझ्या नावानं आत सोड. डिस्क वेगळ्या ठिकाणी कायमची जोडली, 'कारखाना' नावाचा ग्रुप केला, आत नवी पडणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होईल असं लावलं. नाहीतर काकांनी टाकलेला फोटो बाबांना बदलता येत नाही आणि परत चहाला तेच. सीएचमॉड ७७७ मारून मोकळं व्हायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

आणि हो, डिस्क शेअर केली म्हणजे बॅकअप झाला नाही. दुसरी प्रत गडहिंग्लजला आत्याकडं असते.

संध्याकाळी काकांनी स्वतः पासवर्ड टाकला, २०२१च्या मूर्तींचं फोल्डर उघडलं, एक फोटो गिऱ्हाइकाला पाठवला. मग नवं फोल्डर काढलं, त्यात साच्यांची मापं ठेवली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "ह्यो तुझ्या बापाला दिसू नये असं कर की."

केलं मी. बाबांनी अजून विचारलेलं नाही. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.